तात्यांचा पूर्वी स्टार : सेवा-नोंद दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२३

तात्यांची फाईल आजपासून उघडली. तालुक्यातल्या माजी सैनिकांचे कागद तपासून द्यायचं काम आम्ही काही निवृत्त लोक करतो. मी फौजेत क्लार्क होतो, त्यामुळं लिखापढी साहजिकच माझ्याकडं आली. पुढं दुसऱ्या कुणाच्या केसला उपयोगी पडावं म्हणून ही केस जरा सविस्तर लिहून ठेवतोय. तात्यांची पलटण, आर्मी नंबर, गाव यातलं काही इथं टाकणार नाही. ते फाईलमध्ये आहे.

हातात आलेले कागद: डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिकाचं ओळखपत्र. भरती १९६३, डिस्चार्ज १९७८, हुद्दा नाईक, पेन्शन चालू. डिस्चार्ज बुकात मेडलच्या पानावर पाच नावं आहेत: रक्षा मेडल १९६५, जम्मू-काश्मीर क्लास्पसह (फितीवरच्या पट्टीसह) सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल.

पूर्वी स्टार, म्हणजे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांचं मेडल, मात्र नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये तात्या पूर्व आघाडीवर होते. उजव्या हातात कोपराखाली तोफगोळ्याचे तुकडे घुसले. एक तुकडा डॉक्टरांनी काढलाच नाही. अजून कातडीखाली हाताला लागतो. तात्यांनी माझं बोट धरून त्यावर ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो बघ माझा इस्टार." पण सरकारदरबारी हात दाखवून भागत नाही, त्या वेळचा कागद लागतो. तो शोधायचा, हेच काम.

५ जुलै

तात्यांच्या मुलानं विचारलं, "काका, संग्राम मेडल मिळालंय की, मग हे वेगळं काय?" हा प्रश्न घरोघरी येतो, म्हणून इथं लिहितो.

संग्राम मेडल त्या युद्धकाळात सेवेत असलेल्या सगळ्यांसाठी होतं. आघाडीपासून लांब बबिन्याच्या डेपोत असलेल्यालाही ते मिळालं आणि त्यात गैर काही नाही. पूर्वी स्टार मात्र पूर्वेच्या ठरवून दिलेल्या युद्धक्षेत्रात प्रत्यक्ष असलेल्यांना, आणि पश्चिमी स्टार पश्चिमेकडच्या आघाडीवरच्यांना. एक दिवसाची हजेरीही पुरते, आणि जखमी होऊन मागं आणलेल्याला मुदतीची अट आड येत नाही. १९६५ चंही तसंच: रक्षा मेडल सरसकट, समर सेवा स्टार रणक्षेत्रातल्यांना. त्या वेळी तात्या रणक्षेत्राबाहेर होते, त्यामुळं समर सेवा स्टार त्यांना लागू नाही. तो मागायचाही नाही. लागू नसलेलं मागितलं की लागू असलेल्यावरही शंका येते.

मुलाचा पुढचा प्रश्न पैशांचा. या मेडलमागं एक रुपया भत्ता नाही. शौर्यपदकांची गोष्ट वेगळी. इथं मिळणार आहे ती फक्त नोंद: हा माणूस तिथं होता. मला ती पेन्शनच्या वाढीइतकीच महत्त्वाची वाटते, आणि ज्याला वाटत नाही त्यानं तात्यांशी पाच मिनिटं बोलून बघावं.

११ जुलै

आज तात्यांच्या घरी पत्र्याची काळी ट्रंक उघडली. काकींनी लग्नातल्या शालूखाली इनलँड पत्रं जपून ठेवलीत. काही वाळवीनं खाल्लीत, पण १९७१ ची शाबूत आहेत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पत्रांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात '९९ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर आहे. फौजेत राहिलेल्याला यातच कळतं. ५६ एपीओ म्हणजे उत्तर-पश्चिमेकडची टपाल, ९९ म्हणजे पूर्वेकडची. शिक्का फील्ड पोस्ट ऑफिसचा, तारीख भिंगाखाली वाचता आली. आत गावाचं नाव नाही, कारण लिहायची परवानगीच नसायची. "आम्ही खुशाल आहोत, इकडे भात कापणी चालू आहे, लोक आपल्यासारखेच गरीब आहेत" एवढंच.

डिसेंबरच्या शेवटी आलेलं पत्र मात्र वेगळं. अक्षर तात्यांचं नाही. हात प्लास्टरमध्ये, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या कोल्हापूरच्या जवानानं लिहून दिलं. "माझ्या हाताला थोडे लागले आहे, काळजी नसावी, अक्षर दुसऱ्याचे आहे म्हणून घाबरू नये." वर वॉर्डाचा नंबर आणि लष्करी इस्पितळाचा पत्ता. काकी म्हणाल्या, "मला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी वाचून दाखवलं, पण अक्षर येगळं हाय हे मी बघितल्याबरूबर वळाकलं हुतं."

पत्रांच्या दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. मूळ पत्रं ट्रंकेतच ठेवायला सांगितली. हा पूरक पुरावा. खाजगी पत्रावर कुणी नोंद बदलत नाही. पण जखमेची तारीख आणि इस्पितळ कळलं, म्हणजे कुठला सरकारी कागद मागायचा हे कळलं.

१८ जुलै

रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या कार्यालयाला, पहिलं पत्र टाकलं. यात मेडल मागितलेलं नाही, आणि ते मुद्दाम.

बहुतेक जण थेट लिहितात, "मला अमुक मेडल मिळाले नाही, कृपया मिळावे." उत्तर येतं, "आपल्या नोंदीत या मेडलचा उल्लेख नाही." उल्लेख नाही म्हणूनच तर पत्र लिहिलं होतं, असं म्हणत माणूस वैतागतो आणि प्रकरण तिथंच संपतं. क्लार्कच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं उत्तर बरोबर आहे. त्याच्यासमोर शीट रोल, म्हणजे जवानाच्या सेवेची नोंद, असते. शीट रोलमध्ये नोंद होते ती युनिटनं काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून. बदली, रजा, लग्न, मुलाचा जन्म, बढती, इस्पितळ, मेडल, सगळं त्या ऑर्डरनं चढतं. ऑर्डरच निघाली नसेल तर त्यानं काय चढवायचं?

म्हणून आधी स्वतःच्याच नोंदींच्या प्रती मागायच्या. आम्ही मागितलं ते असं: शीट रोलचा १९७० ते १९७३ चा उतारा, त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरचे नंबर व तारखा, बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) नोंद असल्यास तिची प्रत, आणि डिस्चार्जच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची प्रत. अर्ज तात्यांच्या सहीनं, सोबत ओळखपत्र आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स. माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा, १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह. स्वतःचीच माहिती मागत असल्यानं खाजगीपणाची अडचण येत नाही, आणि तीस दिवसांचं बंधन लागू होतं.

तात्यांनी डाव्या हातानं सही केली. उजव्यानं पेन धरता येतं, पण जोर राहत नाही.

२ ऑगस्ट

आज मध्येच दुसरी केस आली. शेजारच्या गावच्या एका आजींचे मालक १९५८ ला भरती झाले आणि आठ वर्षांनी घरच्या अडचणीमुळं नाव कापून आले. पेन्शन नाही. गोवा मुक्तीच्या वेळी, डिसेंबर १९६१ च्या ऑपरेशन विजयमध्ये, ते होते असं घरात सगळे सांगतात. तसं असेल तर १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल 'गोवा १९६१' क्लास्पसह त्यांचं होतं. आजींकडं कागद एकही नाही. घर पडलं तेव्हा सगळं भिजून गेलं.

ही केस तात्यांच्या केसपेक्षा फार अवघड आहे, आणि कारण सगळ्यांना माहीत असायला हवं. ज्यांना पेन्शन नाही अशांची सेवा-कागदपत्रं नियमाप्रमाणं डिस्चार्जनंतर २५ वर्षांनी नष्ट केली जातात. कायम राहतो तो लाँग रोल. त्यात माणसाची जेमतेम ओळख राहते: नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज, कारण. म्हणजे १९६६ ला घरी आलेल्याचा शीट रोल १९९१ नंतर मिळेल याची आशा नाही. आमच्या साताऱ्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, जिथून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावापुढं मिलिटरी लागलं. त्यांची आठवण दगडात कोरलेली आहे. साठ-सत्तरच्या दशकात आठ-दहा वर्षं नोकरी करून गुपचूप शेतीला लागलेल्यांचं काय राहिलं आहे?

लाँग रोलच्या उताऱ्यासाठी आजींच्या अंगठ्यानं अर्ज केला.

२९ ऑगस्ट

तात्यांच्या प्रती आल्या. तीस दिवसांवर थोडे दिवस गेले, पण अपेक्षेपेक्षा जास्त कागद मिळाले. रेकॉर्ड ऑफिसातल्या ज्या कुणी त्या जुन्या फाईलमधून पानं काढून झेरॉक्स केली, त्यानं मनापासून काम केलंय. धूसर पानांच्या दोन-दोन प्रती जोडल्यात.

आता चित्र स्पष्ट झालं. १० डिसेंबर १९७१ ला तात्या युनिटच्या स्ट्रेंथवरून (माणसांच्या गणतीतून) कमी झाले आणि एक्स लिस्टवर गेले. जखमी वा आजारी होऊन इस्पितळात गेलेल्याला एक्स लिस्टवर घेतात, म्हणजे युनिटला त्याच्या जागी बदली माणूस मागता येतो. तिथून बेस हॉस्पिटल, मग आजारपणाची रजा, मग रेजिमेंटल सेंटर. मूळ पलटणीत ते परत गेलेच नाहीत. मेडिकल कॅटेगरी उतरल्यामुळं दुसरीकडं पोस्टिंग झालं. इकडं पलटणीनं पूर्वी स्टारसाठी नावांची यादी केली ती लढाई संपल्यावर, हजर असलेल्यांची. तात्या त्या यादीत नाहीत. सेंटरनं संग्राम मेडलचा दावा पाठवला, कारण तो सगळ्यांचाच होता. पूर्वी स्टार पलटणीनं पाठवला असेल असं सेंटरनं गृहीत धरलं असणार. दोन याद्यांच्या मधल्या फटीत माणूस राहिला. फौजेतली माझी इतकी वर्षं पाहता, मेडल राहून जायचं हेच सगळ्यात मोठं कारण मी पाहिलंय. लढताना जखमी झालेलेच लढल्याच्या यादीतून सुटतात.

मेडिकल बोर्डाच्या कागदावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलंय: स्प्लिंटर वुंड (गोळ्याच्या तुकड्याची जखम), उजवा हात, तारीख ९ डिसेंबर १९७१, शत्रूच्या तोफमाऱ्यात, पूर्व आघाडी. सही, शिक्का. हाच तो कागद.

३१ ऑगस्ट

मेडिकल बोर्डावर आर्मी नंबरचा शेवटचा आकडा चुकलाय. तात्यांचा नंबर बेचाळीसनं संपतो, इथं सत्तेचाळीस आहे. हातानं लिहिलेला इंग्रजी दोन टायपिस्टनं सात वाचला असावा. एरवी कुणी बघितलंही नसतं, पण याच कागदावर सगळी केस उभी आहे, म्हणून दाव्याआधीच मिटवायचं.

शीट रोल आणि मेडिकल बोर्ड शेजारी ठेवून ताडून पाहिले. जन्मतारीख तीच, भरतीची तारीख तीच, गाव-तालुका तोच. ओळखीच्या खुणा दोन्हीकडं सारख्या: डाव्या भुवईवर व्रण, हनुवटीवर तीळ. तात्यांच्या भुवईवर व्रण आजही आहे, लहानपणी बैलाचं शिंग लागलेलं. दोन्ही नंबर एकाच इसमाचे असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं, आणि त्यात या खुणांचा पानांसह उल्लेख करायचा. नुसतं 'तो मीच' म्हणून भागणार नाही.

१५ सप्टेंबर

तात्यांच्या कंपनीतले एक हवालदार सांगलीकडं आहेत असं कळलं. फोन लागला. मी तात्यांचं पूर्ण नाव सांगितलं तर म्हणाले, "कुठला? आमच्याकडं त्या नावाचे दोघं हुते." मी म्हटलं बेचाळीस. क्षणभर थांबून ओरडलेच, "बेचाळीस! जित्ता हाय का अजून? त्याचा हात मी बांधलाय!"

एकाच नाव-आडनावाचे लोक कंपनीत असले की नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारायची ही पलटणीतली जुनी पद्धत. इथं ती फार कामाची ठरणार आहे. दुसऱ्याचा नंबर एकोणऐंशीनं संपायचा, आणि तो शेवटपर्यंत पलटणीत होता. म्हणजे पूर्वी स्टारच्या यादीत हे नाव सापडेल, पण ते एकोणऐंशीचं. कुणी नुसतं नाव पाहिलं तर समजेल की तात्यांना मेडल मिळालेलं आहे. हे दाव्यात आधीच लिहून ठेवतो.

हवालदारसाहेब प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत. त्यांचं वय ८१. तात्यांना फोन जोडून दिला. दोघं एकमेकांच्या बायकांची, गुडघ्यांची चौकशी करत राहिले. लढाईचा विषय निघालाच नाही.

९ ऑक्टोबर

दावा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला. थेटही पाठवता येतो, पण तिथून पडताळून गेलेल्या कागदाला वजन असतं, शिवाय पोच राहते.

अर्ज एक पानी ठेवला. पहिल्या परिच्छेदात मागणी: पूर्वी स्टारची पात्रता तपासून पार्ट टू ऑर्डर काढावी व डिस्चार्ज बुकात नोंद करावी. पुढं तारखांचा क्रम. मग नंबरातली तफावत आणि नावाचा दुसरा माणूस, दोन्ही आपणहून सांगितलेलं. देशसेवा, त्याग, अन्याय असले शब्द घातले नाहीत. तात्यांच्या मुलाला ते कोरडं वाटलं. पण वाचणाऱ्याला निर्णय घ्यायला लागतो तो मजकूर वर असावा, आणि त्यागाचं काय ते मेडिकल बोर्डाच्या त्या एका ओळीत आलेलंच आहे.

नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. ती वेळ येऊ नये. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तारखांना न्यायचं जिवावर येतं.

१६ डिसेंबर

विजय दिवस. ढाक्याच्या रेसकोर्सवर १९७१ ला आज शरणागतीचा कागद झाला, सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले. त्या आघाडीवर मराठा पलटणींनी काय केलं हे आपल्याकडं पोरांना सांगायला हवं. जमालपूरला जंगी पलटणीनं, म्हणजे पहिल्या मराठा बटालियननं, शत्रूची परतीची वाट अडवून धरली होती. शरण येण्याच्या पत्राला पाकिस्तानी कमांडरनं कागदात गोळी गुंडाळून उत्तर पाठवलं, आणि त्यानंतरच्या रात्री बाहेर पडायचा त्यांचा प्रयत्न मोडून काढला. आजच्या कार्यक्रमातल्या भाषणात यातलं काही आलं नाही, म्हणून नंतर चहाच्या वेळी मी कॉलेजच्या पोरांना सांगितलं.

तात्या पाच मेडल लावून आले होते. कार्यक्रमाला आलेल्या एकानं सांगितलं, "तात्या, स्टार बाजारात मिळतो की. सगळेच घेतात. लावा खुशाल, कोण विचारतंय?" त्यात तथ्य आहे. सरकारकडून खरी मेडल यायला इतकी वर्षं लागतात की नोकरीतले लोकही दुकानातून घेऊन लावतात. पण त्यांच्या नावावर ऑर्डर निघालेली असते. तात्या म्हणाले, "इकत घ्यायचं असतं तर पन्नास वर्सापूर्वीच घेतलं असतं. माझं नाव लिवलं की मग लावीन."

२४ जानेवारी २०२४

रेकॉर्ड ऑफिसकडून विचारणा आली. अपेक्षित होती तीच: या नावाच्या व्यक्तीला पूर्वी स्टार दिल्याचं पलटणीच्या यादीत दिसतं, खुलासा करावा.

उत्तर त्याच दिवशी लिहिलं. यादीतला नंबर एकोणऐंशीनं संपतो, अर्जदाराचा बेचाळीसनं. अर्जदाराच्या शीट रोलमध्ये पूर्वी स्टारची पार्ट टू ऑर्डर नाही. हवालदारसाहेबांच्या प्रतिज्ञापत्रात दोघांचा वेगवेगळा उल्लेख आहे. मूळ अर्जातल्या परिच्छेदाचा नंबर दिला. विचारणा आली की घरचे लोक हबकतात, त्यांना वाटतं नकारच आला. उलट आहे. विचारणा म्हणजे कुणीतरी फाईल उघडून वाचतंय.

२२ मार्च

मंजूर. पूर्वी स्टारची पार्ट टू ऑर्डर निघाली. नोंदीसाठी मूळ डिस्चार्ज बुक मागवलंय.

मूळ कागद पाठवताना: प्रत्येक पान स्कॅन, मेडलच्या पानाची झेरॉक्स साक्षांकित, स्पीड पोस्ट, पोच. काकी पुस्तक द्यायला तयार नव्हत्या. "गेलं तर पेन्शन बंद हुईल." पेन्शन पीपीओवर चालते, डिस्चार्ज बुकावर नाही, हे बँकेत नेऊन मॅनेजरबाईंच्या तोंडून ऐकवलं, तेव्हा दिलं.

सांगलीला हवालदारसाहेबांच्या घरी कळवायला फोन केला. ते फेब्रुवारीत गेले. मुलानं सांगितलं, प्रतिज्ञापत्राला तहसीलला स्वतः चालत गेले होते. ज्यांच्याकडं अशा केस आहेत त्यांना माझं एकच सांगणं: साक्षीदाराचं आधी घ्या. कागद फाईलमध्ये थांबतो, माणूस थांबत नाही.

१९ एप्रिल

डिस्चार्ज बुक परत आलं. मेडलच्या पानावर पाच नावांखाली सहावी ओळ, निळ्या शाईत: पूर्वी स्टार, ऑर्डरचा नंबर, तारीख, अधिकाऱ्याची सही, गोल शिक्का. तात्यांनी चष्मा पुसून वाचलं, मग नातीला मोठ्यानं वाचायला लावलं, मग परत स्वतः. प्रत्यक्ष मेडलचा दावा दिल्लीला गेलाय, त्याला वेळ लागेल. तोवर स्टार लावायला आता हरकत नाही असं मी सांगितलं. क्रम समजावून दिला: पूर्वी स्टार रक्षा मेडलच्या आधी, छातीच्या मध्याकडच्या बाजूला.

पराक्रम पदकाचा अर्ज वेगळा करतोय. शत्रूच्या थेट माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी ते १९७३ ला सुरू झालं. मेडिकल बोर्डाची तीच प्रत, नंबरातली तफावत आता मिटलेली, त्यामुळं यावेळी सोपं जावं.

गोव्याच्या केसमध्ये लाँग रोलचा उतारा आलाय. नंबर, नाव, भरती १९५८, डिस्चार्ज १९६६, कारण 'स्वतःच्या विनंतीवरून', आणि पलटणीचं नाव. पलटण कळली हे मोठंच काम झालं. आता ती पलटण डिसेंबर १९६१ मध्ये कुठं होती ते दाखवायचं. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडं वॉर डायऱ्या (पलटणींच्या युद्धकाळातल्या रोजनिश्या) असतात, आणि २०२१ च्या धोरणाप्रमाणं जुन्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करायच्या आहेत. त्या आधारावर दिल्लीला पत्राचा मसुदा केलाय. सोमवारी आजींचा अंगठा घ्यायला जायचंय, आणि त्यांच्या मालकांबरोबर गोव्याला होता असं कुणी गावात उरलंय का, ते त्याच फेरीत विचारायचंय.